दापोली ते बाग : मधल्या वाटेवर पैसे खर्चावेत का?

पत्राचा सारांश : राजापूर तालुक्यातून आलेले हे पत्र एका निवृत्त बँक अधिकारी भगिनीचे आहे. त्यांचे वडील हापूसचे बागायतदार होते. त्यांच्या पश्चात सड्यावरची पडीक जमीन विकून आलेले 40 लाख रुपये भावंडांनी वडिलांच्या नावे नोंदवलेल्या न्यासात ठेवले असून त्यावर वर्षाकाठी साधारण 2 लाख 80 हजार रुपये व्याज येते. ‘बागायतदारांच्या उपयोगी पडेल अशा विज्ञानकार्यास साहाय्य’ असे न्यासाचे उद्दिष्ट मोघमपणे लिहिलेले आहे. पुण्यात अभियंता असलेल्या धाकट्या भावाला जवळच्या महाविद्यालयास माती तपासणीचे यंत्र द्यायचे आहे; खर्च साडेसहा लाख, आणि यंत्रावर वडिलांच्या नावाची पाटी. त्याच महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापिकेची मागणी वेगळी आहे. कृषी संशोधनातून निघालेल्या शिफारशी परिसरातील बारा गावांच्या बागांपर्यंत कोणत्या वाटेने आल्या, वाटेत त्यांचे काय झाले आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, याचा त्यांना तीन वर्षे अभ्यास करायचा आहे. त्यासाठी वर्षाला 2 लाख 40 हजार रुपये हवेत. भावाचे म्हणणे असे की संशोधनावर संशोधन करून एक आंबा जास्त पिकणार नाही. पत्रलेखिकेचा कल अभ्यासाकडे आहे, कारण वडिलांनी शेजारच्यांचे ऐकून वर्षानुवर्षे कल्टार (झाडाला मोहोर आणणारे औषध) घातले आणि गडग्यालगतची चार जुनी कलमे सुकली. ‘योग्य माहिती वेळेवर पोहोचली असती तर ती झाडे आज उभी असती,’ असे त्या लिहितात. तिसरे विश्वस्त असलेले चुलतभाऊ बहीण-भावाचे एकमत होईपर्यंत कशावरही सही करायला तयार नाहीत.

ताई,

तुमच्या बंधूंची बाजू मी आधी घेतो, कारण पत्रात ती तुम्ही जरा घाईने उरकली आहे. आपला देश संशोधन आणि विकासावर सकल उत्पन्नाच्या साधारण 0.64 टक्के खर्च करतो आणि त्यातले तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत काय झिरपते हे तुम्ही-आम्ही पाहतोच. तिथल्या प्रयोगशाळेत साधा तराजू धड नसताना कोणी तीन वर्षे गावोगाव फिरून माणसांशी बोलण्यासाठी सात लाख मागत असेल, तर अभियंत्याच्या भुवया उंचावणारच. तो कंजूष आहे किंवा त्याला केवळ पाटीची हौस आहे, असे समजू नका. पैसा कुठे गेला हे डोळ्यांनी दिसावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे आणि ती सार्वजनिक पैशाच्या बाबतीत रास्तच म्हटली पाहिजे.

मात्र दिसणे आणि उपयोगी पडणे यांत बरेच अंतर पडू शकते. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात (नाव सांगण्यात अर्थ नाही) मला मोठ्या कौतुकाने एक देणगीदाखल आलेले उपकरण दाखवण्यात आले. त्यावर शिवलेले निळे आच्छादन होते, दात्याच्या आईचे नाव कोरलेली पितळी पाटी लखलखीत पुसलेली होती आणि वायरीच्या गुंडाळीला कारखान्यात अडकवलेले प्लास्टिकचे बंधन अजून तसेच होते. तीन वर्षांत ते सुटले नव्हते, कारण त्याला लागणारी रसायने विकत घ्यायला खर्चाचे शीर्षक नव्हते आणि ते चालवायला शिकलेले शिक्षक बदलून गेले होते.

माती तपासणीबद्दल तर आणखी जवळचा दाखला देतो. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना 2015 साली सुरू झाली. सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये असे बारा घटक त्या पत्रिकेत असतात. आमच्या घरची पत्रिका खणात जुन्या वीजबिलांखाली आहे, आणि मी स्वतःला वाचणारा माणूस समजतो. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी आहे हे पत्रिकेने मला सांगितले, ते आजोबांनाही दुसऱ्या शब्दांत ठाऊक होते. पुढे नेमके काय करायचे, चुना किती घालायचा, तो खर्च किती वर्षांत निघेल, हे विचारायला मी कोणाकडे गेलो नाही आणि कोणी माझ्याकडे आले नाही. तुमच्या बंधूंचे यंत्र आले की अशा पत्रिका अधिक निघतील. त्या कोणत्या खणात जातात, हे शोधणे म्हणजेच त्या प्राध्यापिकेचे काम. यंत्र विरुद्ध अभ्यास अशी जी मांडणी तुमच्या घरात झाली आहे ती म्हणूनच मला पुरती पटत नाही. यंत्र घ्यावे की नाही आणि घेतले तर कोणते, हे ठरवायलाही त्या अभ्यासाचे पहिले वर्ष उपयोगी पडावे.

‘संशोधनावर संशोधन’ हा शब्दप्रयोग कानाला चैनीचा वाटतो खरा. पण हे काम जुने आहे आणि त्याची सुरुवात शेतातूनच झालेली आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात 1928 च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांपर्यंत येऊ लागले. उत्पादन वाढते हे दिसत होते, तरीही ते सर्वत्र रुजायला दहा-बारा वर्षे लागली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघा ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी दोन गावांतील 259 शेतकऱ्यांना गाठून प्रत्येकाला विचारले : तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकले, कोणाकडून ऐकले, आणि प्रत्यक्षात कधी पेरले? 1943 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून असे दिसले की बहुतेकांच्या कानावर हे बियाणे प्रथम विक्रेत्यामुळे आले, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्याचे शेत पाहून झाला. ऐकणे आणि अंगीकारणे यांच्यात सरासरी नऊएक वर्षे गेली. पुढे 1957 मध्ये झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने त्याच मक्याचा हिशेब मांडून दाखवले की जिथे नफा अधिक होता तिथे बियाणे कंपन्याही आधी पोहोचल्या आणि शेतकऱ्यांनीही ते लवकर स्वीकारले. शेजारी महत्त्वाचा की नफा, यावर दोन्ही बाजूंनी बरीच वादावादी झाली. मला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट मोलाची वाटते : ‘शेतकरी अडाणी आणि हट्टी असतो म्हणून नवे घेत नाही’ हे आयते उत्तर दोघांनीही स्वीकारले नाही, शेतात जाऊन आणि आकडे जमवून पाहिले.

पुढे हाच प्रश्न सरकारांनाही पडला. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन मारबर्गर यांनी 2005 मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांपुढे अशा आशयाचा मुद्दा मांडला की विज्ञानावर किती आणि कशासाठी खर्च करावा हे ठरवायला आपल्याकडे भक्कम पुरावा नाही. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने शोध कसे लागतात, ते लोकांपर्यंत कसे जातात आणि समाजाला त्यांचा काय उपयोग होतो, एवढ्याच विषयावरच्या संशोधनाला अनुदान देणारा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 पासून काही अनुदाने चक्क चिठ्ठ्या टाकून द्यायला सुरुवात केली. पात्र ठरलेल्या प्रस्तावांत डावे-उजवे करण्यात तज्ज्ञांचाही अंदाज चुकतो, हे त्यांनी मान्य करून टाकले. (आपल्या न्यासात ही पद्धत आणली तर तुमचे चुलतभाऊ कदाचित पहिल्यांदा खूश होतील.) आपल्याकडेही 2021 मध्ये दिल्लीतील दोन जुन्या संस्था एकत्र करून राष्ट्रीय विज्ञान संप्रेषण आणि धोरण संशोधन संस्था स्थापन झाली. तेव्हा तुमच्या प्राध्यापिकेची मागणी विक्षिप्त नाही. तिचे वेगळेपण इतकेच की तिला हा प्रश्न दिल्लीत न विचारता राजापूरच्या बारा गावांत विचारायचा आहे.

आणि आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाला किती खोली आहे ते पाहा. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 चे. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याहूनही जुने. तिथे नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निघालेला ‘रत्ना’ आंबा 1981 साली प्रसारित झाला. तो दरवर्षी फळ देतो, त्यात साका (आतला गर पांढरट आणि आंबट होण्याचा दोष) होत नाही, फळ मोठे येते. पुढे 1992 मध्ये आलेल्या ‘सिंधू’ची कोय तर इतकी पातळ की फळ म्हणजे जवळजवळ निव्वळ गर. कागदावर पाहिले तर हापूसच्या दोन मोठ्या खोडी या वाणांनी सोडवल्या होत्या. तरी आज तुमच्या गावात शंभर कलमांमागे रत्नाची किती आहेत? त्याच वेंगुर्ल्यातून आलेल्या काजूच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जाती मात्र सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या डोंगरउतारांवर सर्रास दिसतात. संस्था तीच, प्रदेश तोच, शेतकरीही पुष्कळदा तोच. मग एक वाण घराघरांत गेला आणि दुसरा का गेला नाही? काजूच्या मागे 1990 पासूनची रोजगार हमीची फळबाग लागवड योजना होती, रोपवाटिकांतून कलमे सहज मिळत होती, आणि काजूचे बी विकताना जात कोणी विचारत नाही. आंब्याच्या पेटीला मात्र वाशीच्या बाजारात आधी नाव लागते आणि मग दर. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर त्या नावाचे वजन आणखी वाढले. ही माझी अटकळ झाली. अभ्यास झाला तर कदाचित ती खोटी ठरेल आणि मला त्याचा आनंदच होईल, कारण आज तरी आपण सगळे अटकळींवरच बोलत आहोत.

साक्याचे उदाहरण याहून बोलके आहे. फळ बाहेरून देखणे, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. पेटी परत आली की बागायतदाराचा चेहरा कसा होतो ते तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल. एके काळी याचे मुख्य कारण तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता असे सांगितले जाई आणि म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन करण्याचा सल्ला मिळे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील संशोधकांनी 2000 नंतरच्या दशकात वेगळा पुरावा पुढे आणला : फळ झाडावर असतानाच आतल्या कोयीत रुजण्याची हालचाल सुरू होते आणि त्याचा परिणाम गरावर होतो. फळ पूर्ण पिकेपर्यंत झाडावर न ठेवता चौदा आणे तयार झाल्यावर काढावे, हा सल्ला या स्पष्टीकरणाशी चांगला जुळतो. मी गेल्या हंगामात ओळखीच्या तीन बागायतदारांना साक्याचे कारण विचारले. एकाने उष्णता सांगितली, दुसऱ्याने कल्टार, तिसरा म्हणाला की काढणी लांबली की होते. तिसऱ्याने कोयीचे नाव काढले नाही, पण कृती त्याची बरोबर होती. आता मला सांगा, यांपैकी विज्ञान कोणापर्यंत ‘पोहोचले’ असे म्हणायचे?

त्यातला ‘चौदा आणे’ हा शब्दही विसरू नका. शास्त्रीय शिफारस साधारण 85 टक्के पक्वतेची असते. टक्क्यांचे आणे बागेने केले. तोडणीला चढणाऱ्या गड्याला फळाचे खांदे किती भरले आणि देठाजवळ खळगा किती पडला यावरून चौदा आणे डोळ्यांनी ओळखता येतात, 85 टक्के येत नाहीत. पुढे हा शब्द कृषी विस्ताराच्या पुस्तिकांतही येऊन बसला. म्हणजे दापोलीहून ज्ञान निघते आणि बागेत उतरते, अशी एकाच दिशेची वाट नाही. म्हणून त्या प्राध्यापिकेच्या प्रस्तावातील ‘शिफारशी बागांपर्यंत कशा आल्या’ हे वाक्य मी थोडे रुंद करायला सांगेन : बागेतून संशोधन केंद्राकडे काय गेले, आणि काय जायला हवे होते पण गेले नाही, हेही तिने विचारावे. फुलकिड्यांचा त्रास आपल्या मोहोरात वाढतो आहे ही ओरड बागायतदार वर्षानुवर्षे करत आहेत; ती कोणाच्या वहीत कधी नोंदली गेली, हे शोधले तरी पुष्कळ कळेल.

आता तुमच्या वडिलांच्या चार कलमांविषयी. हा भाग लिहिताना मी थोडा अडखळतो आहे. माहिती पोहोचली असती तर झाडे वाचली असती, हे वाक्य तुमच्या संपूर्ण पत्राच्या पायाशी आहे, आणि नेमके तेच तपासून पाहावे असे मला वाटते. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपले कल्टार, झाडाच्या शाकीय वाढीला आवर घालते आणि मोहोर आणते. त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावरून काढतात, साधारण दर मीटरला 3 मिलिलिटर. ते पावसाळ्यात, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या सुमारास, बुंध्याभोवती पहारीने भोके पाडून ओततात. ते घातलेल्या झाडाला खतपाणी अधिक द्यावे लागते आणि कमकुवत झाडाला ते घालू नये, हे कृषी सहायकापासून दुकानदारापर्यंत सगळे सांगतात. तुमच्या वडिलांसारख्या मुरलेल्या बागायतदाराच्या कानावर हे गेलेच नसेल, असे तुम्हाला खरोखर वाटते का?

एक शक्यता अशीही आहे की त्यांना सर्व माहीत होते. पण त्या वर्षी सोसायटीचे कर्ज असेल, एखाद्या लग्नाची तारीख ठरली असेल, किंवा आधीचा हंगाम अवकाळीने धुऊन नेला असेल, आणि झाडाला एक वर्ष विसावा देणे परवडले नसेल. बाग कराराने दिलेली असेल, तर गोष्ट आणखी वेगळी होते. दोन-तीन वर्षांसाठी बाग घेणाऱ्याला त्या मुदतीतले फळ हवे असते आणि झाडाचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य त्याच्या हिशेबात येत नाही. ‘पोहोचले नाही’ आणि ‘पोहोचले, पण परवडले नाही’ ही दोन निराळी दुखणी आहेत. पहिल्यावर औषध म्हणून पत्रके छापता येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवता येतात. दुसऱ्यावर पत्रकांचा ढीग ओतला तरी काही होत नाही. तिथे कर्जाची मुदत, कराराची मुदत, विम्याचा निकष यांच्याकडे पाहावे लागते. शहाण्या माणसाने चुकीचे का केले याचे उत्तर आपण फार लवकर ‘अज्ञान’ असे देऊन मोकळे होतो, आणि विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या बहुतेक योजनांचे घोडे तिथेच पेंड खाते.

माझी विनंती एवढीच की हा अभ्यास वडिलांच्या बाजूने किंवा कोणाच्या विरुद्ध निकाल देईल, अशा आशेने पैसे देऊ नका. निघालेले उत्तर तुम्हाला न आवडणारेही असू शकेल. त्या तयारीने देणार असाल तरच द्या. नसाल तर यंत्र घ्यावे आणि वायरीचे बंधन सोडायला स्वतः जावे, तेही वाईट नाही.

प्राध्यापिकेला भेटाल तेव्हा ती कोणाकोणाशी बोलणार आहे, हे आवर्जून विचारा. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने 1968 मध्ये विज्ञानाच्या जगातली एक रीत दाखवून दिली होती : ज्याचे नाव आधीच झालेले, त्याच्याच पदरात पुढचे श्रेय आणि साधने पडत जातात. आपल्या गावात याच रीतीला ‘प्रगतशील शेतकरी’ म्हणतात. प्रात्यक्षिकाचा प्लॉट त्याच्याच बागेत, कृषी विज्ञान केंद्राची सहल त्याच्याकडेच, कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून गावात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे फोटोही त्याच्याच अंगणात. अभ्यास करणारी व्यक्तीही बहुधा आधी त्याच्याच दारात जाते, कारण तो चहा देतो आणि नीट बोलतो. त्याच्याशी जरूर बोलावे. पण ज्याची वीस कलमे आहेत आणि जो मुंबईला नोकरी करून फक्त मे महिन्यात येतो, जी विधवा बाई बाग कराराने देते, आणि जो नेपाळी गुरखा पाठीवर पंप बांधून प्रत्यक्ष फवारणी करतो, यांच्यापर्यंत ती गेली नाही, तर बारा गावे फिरूनही ती एकाच ओसरीवर बसून राहिल्यासारखे होईल. त्या गुरख्याचा विचार करा. कीटकनाशकाच्या बाटलीवरची सूचना इंग्रजी-हिंदीत, मुगाच्या डाळीएवढ्या अक्षरांत. मात्रा ठरवणारा मालक रत्नागिरीत. आणि झाकणाने औषध मोजणारा हा. कित्येक वर्षांच्या संशोधनाचा शेवटचा वाचक तोच आहे आणि त्याला कोणी वाचक समजत नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर तीन वर्षांचे आश्वासन आज देऊ नका. पहिल्या वर्षी तीन गावे आणि ऐंशी-नव्वद हजार रुपये, एवढ्यावर सुरुवात करावी. त्यात प्रवास, गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला सहायक म्हणून रीतसर मानधन, आणि शेवटी मराठीत छापायची वीस-पंचवीस पानांची पुस्तिका एवढे बसावे. पैसे देण्यापूर्वी प्राध्यापिकेकडून एक पानभर साध्या मराठीत लिहून घ्या की प्रश्न कोणता, उत्तर कसे शोधणार आणि कोणते उत्तर मिळाले तर तुम्ही स्वतः चकित व्हाल. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवतो आहे. ज्याला आपल्या अभ्यासातून काय निघणार हे आधीच ठाऊक आहे, त्याला पैसे देण्याची गरज नसते. शिवाय परिसराबाहेरच्या दोघा जाणकारांना, एक कृषी शास्त्रातला आणि एक अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातला, तो कागद वाचायला द्या. दापोलीला आणि मुंबई विद्यापीठात अशी माणसे विचारली तर मिळतात आणि सहसा मोबदला मागत नाहीत.

हंगामाचे भान ठेवायला सांगा. एप्रिल-मे महिन्यांत बागायतदाराला प्रश्न विचारणे म्हणजे लग्नघरात हिशेब विचारणे. पावसाळ्यात कल्टारच्या वेळी आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पालवी-मोहोराच्या वेळी माणसे बागेत असतात, बोलायला वेळही असतो. गणपतीत मुंबईकर सापडतात, पण ते आरती आणि भजनातून मोकळे होतील तेवढेच. जो जे सांगेल ते त्याच्या नावासकट छापले जाणार नाही हे आधीच स्पष्ट करावे. गाव लहान असते आणि कराराचा आकडा बाहेर फुटला की तीन पिढ्यांचे बोलणे बंद होते.

तुम्ही बँकेत होता, त्यामुळे कागदांचे मी थोडक्यात सांगतो. न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असेल, तर विश्वस्तपत्रातील उद्दिष्टात ‘संशोधन’ हा शब्द स्पष्ट नसताना पुढे लेखापरीक्षक बोट ठेवू शकतो. आधी धर्मादाय कार्यालयातील कामे पाहणाऱ्या वकिलाला विचारून घ्या. रक्कम प्राध्यापिकेच्या नावे न देता महाविद्यालयाच्या खात्यात, स्वतंत्र शीर्षकाखाली द्या आणि दोन हप्त्यांत द्या. आयकराची सवलत घेणाऱ्या न्यासाला उत्पन्नातील 85 टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो आणि विशिष्ट कामासाठी रक्कम साठवायची असेल तर रीतसर कळवावे लागते. पहिल्या वर्षी उरलेले व्याज पुढे यंत्रासाठी राखायचे असल्यास सनदी लेखापालाशी मार्चच्या आत बोला. आणि करारात एक ओळ हवीच : निष्कर्ष काहीही आले तरी दुसरा हप्ता अडवला जाणार नाही आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी विश्वस्तांची संमती लागणार नाही. तुमच्या बंधूंना ही ओळ खटकेल. त्यांना विचारा, माती तपासणीचा अहवाल मालकाच्या पसंतीने बदलणारे यंत्र ते विकत घेतील का?

हे सगळे तुमच्यापुरतेच आहे असे नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मच्छीमार सोसायट्यांचे, माजी विद्यार्थी संघांचे, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे असे प्रश्न असतात. पाच-दहा लाख जमलेले असतात आणि संगणक, दुर्बीण किंवा प्रयोगशाळा यांपलीकडे काही सुचत नाही. हैदराबादच्या महासागर माहिती केंद्रातून मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे याचे अंदाज किनाऱ्यावर येतात. एखाद्या बंदरावरच्या सोसायटीने 1 जून ते 31 जुलैच्या बंदीच्या काळात, होड्या ओढून ठेवलेल्या असताना, एवढेच विचारून पाहावे की हे अंदाज कोणत्या तांडेलाच्या (होडीवरच्या प्रमुखाच्या) हाती जातात, कोण ते मानतो, कोण मानत नाही आणि का. त्याला सात लाख लागत नाहीत. एक वही आणि ज्याच्याशी माणसे मोकळेपणी बोलतील असा एक माणूस लागतो.

काम झाल्यावर पुस्तिका महाविद्यालयाच्या कपाटात जाऊ देऊ नका. जिथे माहिती गोळा केली त्या तिन्ही गावांत, ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या सभामंडपात, ती वाचून दाखवावी आणि लोकांनी ‘हे चूक आहे’ म्हटले तर तेही लिहून घ्यावे. तुमच्या वडिलांचे नाव द्यायचेच असेल तर त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर द्या. बंधूंना पितळेची पाटी हवी असल्यास दुसऱ्या वर्षी, मृदा आरोग्य पत्रिका कोणत्या खणात जातात हे कळल्यावर, यंत्राचा विषय पुन्हा काढता येईल आणि तेव्हा ते कोणते घ्यावे याचा निर्णय आजच्यापेक्षा बराच सोपा असेल.

त्याआधी मात्र एक करा. चर्चा पुण्याच्या दिवाणखान्यात किंवा फोनवर न करता बंधूंना जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांसाठी घरी बोलवा आणि त्या प्राध्यापिकेबरोबर एका सकाळी बागेत पाठवा, शेजारच्या कलमांना कल्टार घालायचे काम चालू असेल तेव्हा. बुंध्यापासून किती अंतरावर पहार मारली जाते, भोके किती पडतात, औषध मोजायला माप वापरतात की झाकण, आणि हे कोणाकडून शिकलात असे विचारल्यावर गडी कोणाचे नाव घेतो, एवढे त्यांनी स्वतः टिपून आणावे. छत्रीचा उपयोग होणार नाही, रेनकोट द्या. आणि परत आल्यावर त्यांच्या हातचा तो भिजलेला कागद चुलतभावांसमोर ठेवून मग सह्यांचे बोला.